रोथेनबुर्ग पायी कसं पाहावं: आधी तट, मग चौक

रोथेनबुर्ग ओब देर ताउबर हे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं, ताउबर नदीच्या वर पठाराच्या कडेला वसलेलं जेमतेम अकरा हजार वस्तीचं गाव. मध्ययुगातली तटबंदी अजून उभी आहे, वेशी शाबूत आहेत आणि गावातली ये-जा आजही त्याच वेशींतून चालते. बहुतेक पर्यटक बसने येतात, अकरा ते चारच्या दरम्यान मुख्य चौकात गर्दी करतात, एका प्रसिद्ध कोपऱ्यावर फोटो काढतात आणि ‘छान आहे, पण नुसती दुकानंच आहेत’ म्हणत निघून जातात. असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. दुकानं आहेत, खोटं नाही. पण त्यांनी गाव उलट्या टोकाकडून पाहिलेलं असतं.

हे गाव तटावरून उलगडतं. कुठली वेस कुठे, जुनं गाव कुठवर होतं, नवं कुठे जोडलं, नदीकडची बाजू मोकळी का, हे सगळं आधी वरून पाहिलं की खालच्या गल्ल्या आपोआप समजू लागतात. म्हणून खालचा क्रम मी तसा लावला आहे. याच क्रमाने गेलात तर दीड दिवसात गाव नीट पाहून होतं, आणि एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

१. सगळ्यात आधी एका रात्रीचा मुक्काम ठरवा

दिवसभराच्या सहलीत रोथेनबुर्ग उरकू नका. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की गल्ल्या रिकाम्या होतात आणि सकाळी नऊच्या आधीही तशाच असतात. ही दोन टोकं तुमच्या हाती असली तर दुपारची गर्दी जाणवतही नाही. खोली तटाच्या आतच घ्या. दक्षिणेकडच्या श्पिटाल भागात, १५१६ साली बांधलेल्या घोड्यांच्या चक्कीच्या प्रचंड इमारतीत आता यूथ हॉस्टेल आहे. कमी खर्चात तटाच्या आत राहायचं असेल तर तिथे आधी चौकशी करा.

तारखा ठरवताना तीन गोष्टी तपासा. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या सुटीत ‘मायस्टरट्रुंक’चा (वाईनच्या चषकाची आख्यायिका, सातव्या पायरीत येईल) उत्सव असतो, सप्टेंबरात जुन्या स्वतंत्र शहराचा उत्सव आणि नाताळाआधीच्या चार आठवड्यांत ‘राइटर्लेसमार्क्ट’ नावाचा बाजार. तिन्ही वेळा गाव सुंदर सजतं, पण खोल्या खूप आधी भरतात आणि शांतपणे फिरायचं असेल तर ते दिवस तुमच्या कामाचे नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत उलटी अडचण: गर्दी नसते, पण बऱ्याच जागांच्या वेळा कमी झालेल्या असतात. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात.

२. सोबत काय हवं

कागदपत्रं:
- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेला पाहिजे. शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो.
- किमान ३०,००० युरोचं कवच देणारा प्रवासी वैद्यकीय विमा. व्हिसासाठी तो सक्तीचाच आहे.
- हॉटेलचं आरक्षण छापील स्वरूपात, पत्त्यासह.

बाकी सामान:
- जाड तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट. गावभर फरसबंदी आहे आणि दगड गोलसर, ओले झाले की निसरडे.
- पाठीवरची पिशवी. चाकांची मोठी बॅग या दगडांवर ओढणं म्हणजे चाकांची आणि हातांची परीक्षा. ती स्टेशनवरून थेट हॉटेलात टाका. खोली तयार नसली तरी बॅग ठेवून घेतात.
- थोडी नाणी आणि सुटे युरो. स्वच्छतागृह, बुरुजाचं तिकीट, रात्रीची फेरी, सगळीकडे कार्ड चालेलच असं धरून चालू नका.
- पाण्याची बाटली. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. उपाहारगृहात मात्र पाणी मागितलं की विकतची बाटली येते.
- उन्हाळ्यातसुद्धा एक पातळ जाकीट. गाव उंचावर आहे, तटावर वारा लागतो.

मार्क्टप्लाट्स या मुख्य चौकातल्या पर्यटन कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो. फोनमधला नकाशा असला तरी हा कागदी घ्याच. त्यावर सगळे बुरूज नावानिशी दाखवलेले असतात आणि पुढच्या पायऱ्यांत आपल्याला तीच नावं लागणार आहेत. नकाशा वाचताना इतकं ध्यानात ठेवलं की पुरे: ‘टोर’ म्हणजे वेस, ‘टुर्म’ म्हणजे बुरूज, ‘गासे’ म्हणजे गल्ली.

३. बरोबर रोथेनबुर्गला पोचा

हा सगळ्यात मोठा सापळा. जर्मनीत याच्याशी मिळत्याजुळत्या नावांची बरीच गावं आहेत. फुल्डा नदीकाठी रोटेनबुर्ग आहे, उत्तरेला व्युमं नदीकाठी आणखी एक, नेकार नदीकाठी रोटेनबुर्गसारखंच वाचलं जाणारं तिसरं, पूर्व सीमेजवळ चौथं. तिकीट काढताना ‘ओब देर ताउबर’ हे शेपूट दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

थेट गाडी मोठ्या शहरांतून येत नाही. शेवटचा टप्पा श्टाइनाख नावाच्या छोट्या स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीचा. तिथून पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात आणि साधारण तासाला एक गाडी असते. श्टाइनाख नावाचीही स्थानकं एकाहून जास्त आहेत, तेव्हा ‘बाय रोथेनबुर्ग’ असं पुढे लिहिलेलं निवडा. न्यूरेंबर्गहून आन्सबाख आणि श्टाइनाख असं दोनदा बदलत यावं लागतं. व्युर्त्सबुर्गहून एकदा बदललं की झालं. दोन्हीकडून सव्वा तास ते दीड तास धरा. फ्रँकफर्टला उतरणाऱ्यांना व्युर्त्सबुर्गमार्गे येणं सोयीचं.

दोघं-तिघं मिळून जाणार असाल आणि बव्हेरियातूनच निघणार असाल तर ‘बायर्न टिकेट’ पाहा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो. त्याचे नियम मात्र काटेकोर आहेत: सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, आयसीईसारख्या जलद गाड्यांत चालत नाही, आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असावं लागतं. नाव न लिहिता बसलात तर तपासनीस ते तिकीट धरत नाही.

श्टाइनाखला गाडी बदलायला मिळणारा वेळ कधीकधी फार थोडा असतो. पहिल्या गाडीला उशीर झाला तर तासभर थांबायची तयारी ठेवा. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवून आखणी करू नका.

४. वेशीबाहेर थांबा

स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळा, मग उजवीकडे अन्सबाखर श्ट्रासे या रस्त्याला लागा. दहा मिनिटांत समोर र्‍योडरटोर येते. इथे घाईने आत शिरू नका.

ही वेस एकच दरवाजा नाही, तो दरवाजांचा सोपान आहे. आधी बाहेरचा बुरुजी कोट, त्याच्या दोन बाजूंना टोकदार छपरांची दोन छोटी घरं, जिथे जकात आणि पहारा चाले. मग खंदकावरचा पूल, आणि मग उंच बुरुजाखालची खरी कमान. शत्रू बाहेरच्या दारातून आत आला तरी तो एका अंगणात अडकायचा आणि वरून त्याच्यावर मारा व्हायचा. प्रत्येक वेशीला हीच बेतणी कमी-जास्त प्रमाणात आहे. इथे एकदा नीट पाहिलीत की बाकीच्या वेशी ओळखायला सोप्या जातील.

र्‍योडरटोरच्या बुरुजावर चढता येतं. वर १९४५ च्या बॉम्बहल्ल्याबद्दलचं छोटं प्रदर्शन आहे. ते उघडं असलं तर आधी बघून घ्या, कारण पुढची पायरी त्याच गोष्टीवर उभी आहे.

५. तटावर चढा आणि उत्तरेकडे चाला

वेशीच्या आतल्या अंगाला दगडी जिना आहे. तिकीट नाही, फाटक नाही. वर छप्पर घातलेली फांजी आहे, आणि गावाभोवती सुमारे अडीच किलोमीटर अशा वाटेने चालता येतं. र्‍योडरटोरहून उत्तरेकडे, म्हणजे गावाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला निघा.

पहिल्या दोन मिनिटांत डोकं सांभाळायची सवय होईल. छपराच्या तुळया खाली आहेत. उंच माणसाला ठिकठिकाणी वाकावं लागतं. वाट अरुंद आहे. समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला टेकून उभं राहायचं, इतकं साधं. काही वेशींपाशी वाट तुटते, तिथे खाली उतरून पलीकडून पुन्हा चढायचं. बाबागाडी किंवा व्हीलचेअर इथे नेता येत नाही आणि गुडघे दुखत असतील तर जिन्यांची उंची आधी पाहून ठरवा. अशांनी तटाच्या पायथ्यानेच, आतल्या बाजूने चालावं. तिथेही मजा कमी नाही, तटाला टेकून बांधलेली घरं जवळून दिसतात.

आता भिंतीकडे पाहा. बाहेरच्या अंगाला जंग्या आहेत, काही उभ्या फटीसारख्या, काही तोंडाशी रुंद. त्यातून डोळा लावून पाहिलंत की खंदकाची खोली आणि माऱ्याचा कोन कळतो. आतल्या अंगाला लाल कौलांचा समुद्र आणि परसबागा. कुणाचे कपडे वाळत असतात, कुणी टोमॅटोला पाणी घालत असतं. लोक खरोखर इथे राहतात, तेव्हा कॅमेरा खिडक्यांवर रोखू नका.

थोडं पुढे गेलात की भिंतीत बसवलेल्या दगडी पाट्या दिसू लागतील. एक नाव, एक गाव, कधी देश, आणि मीटरचा आकडा. पुढे आणखी एक, मग आणखी. जर्मन नावांच्या जोडीने अमेरिकन, जपानी. या पाट्यांची गोष्ट अशी: ३१ मार्च १९४५ रोजी, युद्ध संपायला जेमतेम पाच आठवडे उरले असताना, अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. ३७ माणसं गेली. ३०६ घरं, नऊ बुरूज आणि तटाचा सहाशे मीटरहून जास्त भाग पडला. गावाची पूर्वेकडची बाजू जवळपास संपली. पुढे तोफांचा मारा होऊन उरलेलंही गेलं असतं, पण अमेरिकेच्या युद्धखात्यातले जॉन मॅक्लॉय यांना या गावाची महती आईकडून ऐकून ठाऊक होती आणि त्यांनी तोफखाना वापरू दिला नाही. एप्रिलच्या मध्याला गाव लढाईशिवाय शरण आलं.

नंतर तट उभा करायला पैसे नव्हते, म्हणून जगभरातून देणग्या मागितल्या गेल्या. एका मीटरचे पैसे दिले की तुमच्या नावाची पाटी त्या भिंतीत. म्हणजे तुम्ही ज्या ‘मध्ययुगीन’ तटावर चालता आहात त्याचा हा पट्टा विसाव्या शतकात, अनोळखी लोकांच्या पैशांतून पुन्हा रचलेला आहे. काही जण हे कळल्यावर खट्टू होतात, त्यांना वाटतं खोटं दाखवलं. मला तर हा तटाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. पाट्या वाचत चाला. दगडांचा रंग आणि कोपऱ्यांची धार पाहिलीत तर जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे लागलं हे अनेक ठिकाणी नुसत्या नजरेने सांगता येतं.

वाटेत गाल्गेनटोर लागते. मृत्युदंडाची जागा या वेशीबाहेर होती, नावातला फास तिथूनच आला. त्यानंतर वाट पश्चिमेला वळते आणि क्लिंगेनटोरपाशी संपते. या उंच बुरुजात पाण्याचा हौद होता आणि त्यातून गावातल्या कारंज्यांना पाणी जाई. शेजारी बुरुजी कोटातच बांधलेलं संत वोल्फगांगचं चर्च आहे, मेंढपाळांचं. बाहेरच्या बाजूने पाहिलंत तर चर्चला जंग्या दिसतील. देऊळ आणि किल्ला एकाच भिंतीत कसे राहिले हे पाहायला इतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. इथे खाली उतरा.

थांबत-थांबत आलात तर एवढ्याला तासभर लागतो. गर्दीच्या दिवसांत हे सकाळी नऊच्या आत करा.

६. आतलं जुनं कडं शोधा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि गावाचा आराखडा तर इथेच हाती येतो.

तुम्ही आत्ता चाललात तो बाहेरचा, नंतरचा तट. त्याच्या आधी, बाराव्या शतकात, गाव याहून खूप लहान होतं आणि त्याला स्वतःचा वेगळा तट होता. गाव वाढलं, तट बाहेर सरकला, जुना तट पाडून त्याचे दगड वापरले गेले आणि खंदक बुजवून त्यावर घरं बांधली. तरी त्याच्या दोन वेशी उभ्या राहिल्या.

क्लिंगेनटोरहून क्लिंगेनगासेने आत या आणि डावीकडे युडेनगासेत वळा. ही गल्ली सरळ नाही, हळूहळू वाकत जाते. कारण ती त्या बुजवलेल्या खंदकावरच बसली आहे. खंदकाची वळणच गल्लीची वळण झाली. ज्यू लोकांची वस्ती इथे होती, आणि मध्ययुगाच्या अखेरचा असा ज्यू मोहल्ला युरोपात फार थोड्या ठिकाणी टिकला आहे. तेराव्या शतकातले थोर धर्मपंडित रब्बी माइर बेन बारुख याच गावात शिकवत. देश सोडून जाताना त्यांना पकडलं गेलं आणि १२९३ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. १५२० मध्ये गावाने सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं. गल्ली आज फार शांत आहे. बोलणं कमी करून चाला, घरांचे खालचे मजले जवळून पाहा.

गल्लीच्या शेवटी पांढरा बुरूज, वाइसर टुर्म, ही जुन्या तटाची एक वेस. तिथून दक्षिणेकडे पाचेक मिनिटांवर मार्कुसटुर्म, ही दुसरी. मार्कुसटुर्मच्या शेजारी र्‍योडरबोगेन ही कमान आणि तिच्यावरचं घड्याळ आहे. आता कागदी नकाशावर हे दोन बुरूज पेनाने जोडा आणि युडेनगासेची वळण पुढे चालू ठेवा. पहिलं गाव तुमच्यासमोर अर्धवर्तुळात उमटेल. यापुढे कुठल्याही गल्लीत उभे राहिलात तरी आपण जुन्या कड्याच्या आत आहोत की बाहेर, हे तुम्हाला कळत राहील आणि वाट चुकण्याची भीती उरणार नाही.

७. आता चौक

मार्कुसटुर्महून हाफेनगासे थेट मार्क्टप्लाट्सला आणते. तोवर अकरा वाजत आले असतील आणि गर्दी असेलच. असू द्या, इथे फार वेळ लागत नाही.

समोरच्या नगरभवनाचे दोन भाग ओळखा. मागचा पांढरा, उंच मनोऱ्याचा भाग गॉथिक. पुढचा, चौकाकडे तोंड केलेला भाग १५०१ च्या आगीनंतर सोळाव्या शतकात बांधलेला, त्या काळच्या नव्या पद्धतीचा. मनोऱ्यावर २२० पायऱ्या चढून जाता येतं. शेवटचा टप्पा शिडीसारखा आहे आणि वर निघायचं भोक इतकं अरुंद की जाड पिशवी पाठीवर असेल तर अडकते. उंचीची किंवा बंद जागेची भीती असेल तर चढू नका. तट फिरून आलेल्याला वरून काहीही हुकत नाही. ज्यांना जमेल त्यांनी मात्र जावं, कारण आत्ताच पेनाने काढलेलं अर्धवर्तुळ तिथून कौलांमध्ये ओळखता येतं.

चौकाच्या उत्तरेकडच्या इमारतीवर घड्याळ आहे. ठरावीक तासांना त्याच्या दोन बाजूंच्या खिडक्या उघडतात आणि दोन बाहुल्या दिसतात: एक तीस वर्षांच्या युद्धातला कॅथलिक फौजांचा सेनापती टिली, दुसरा गावाचा नगराध्यक्ष नुश. १६३१ मध्ये टिलीने गाव जिंकलं आणि सव्वातीन लिटर वाईनचा चषक एका दमात पिणारा कुणी निघाला तर गाव सोडतो असं म्हणाला, नुशने तो प्यायला, अशी आख्यायिका. हाच तो ‘मायस्टरट्रुंक’, आणि त्यावरचं नाटक १८८१ पासून गावात होतं. बाहुल्यांची हालचाल अगदी संथ आहे, तेव्हा तेवढ्यासाठी तासभर खोळंबू नका. त्याऐवजी चौकाच्या दक्षिणेकडचं संत जॉर्जचं कारंजं पाहा. ते आठ मीटर खोल आहे आणि त्यात एक लाख लिटर पाणी मावतं. वेढा पडला किंवा आग लागली तर गावाचा जीव त्यावर होता.

८. याकोब चर्चमध्ये वर जायला विसरू नका

चौकापासून दोन मिनिटांवर संत याकोबचं चर्च. आत जायला तिकीट आहे आणि ते पूर्ण वसूल होतं, पण एका अटीवर: मुख्य वेदी पाहून परत फिरू नका. पश्चिमेच्या टोकाला जिना आहे, तो चढून वर जा. खाली क्लिंगेनगासे हा रस्ता चर्चच्या पोटातून जातो आणि त्याच्या वर या दालनात टिलमन रीमेनश्नायडर याने १५०० ते १५०५ या काळात लाकडात कोरलेली ‘पवित्र रक्ता’ची वेदी आहे.

लिंडनचं लाकूड, रंग चढवलेला नाही. मधोमध येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन आहे, आणि मध्यभागी उभी आकृती येशूची नाही, त्याला पैशांसाठी दगा देणाऱ्या ज्युडास या शिष्याची आहे. हातात पैशांची थैली. येशू थोडा बाजूला सरकून त्याला घास देतो आहे. शिष्यांचे हात पाहा: कुणाची बोटं टेबलाच्या कडेवर आवळलेली, कुणाची हवेत थबकलेली. मागच्या बाजूला छोट्या गोल काचांच्या खिडक्या कोरीवकामातच बसवल्या आहेत, त्यांतून येणाऱ्या उजेडाने चेहऱ्यांवरच्या सावल्या बदलत जातात. निदान वीस मिनिटं बसा. डाव्या आणि उजव्या टोकांना जाऊनही पाहा, प्रत्येक जागेवरून वेगळा शिष्य पुढे येतो.

९. दक्षिणेकडे: प्ल्योनलाइन, मग श्पिटाल, मग उरलेला तट

चौकातून श्मीडगासेने खाली उतरत गेलात की रस्ता दोन फाट्यांत फुटतो. मध्ये पिवळसर, किंचित कललेलं लाकडी चौकटीचं घर, डावीकडे वर झीबर्सटुर्म, उजवीकडे खाली कोबोल्त्सेलर टोर. हाच तो सगळ्या कॅलेंडरांवरचा कोपरा, प्ल्योनलाइन. दुपारी इथे फोटोसाठी रांग लागते आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. इथून गाड्या जातात, भान ठेवा. तुमचा मुक्काम आहे, तेव्हा फोटो उद्या पहाटेवर ठेवा आणि झीबर्सटुर्मखालून पुढे निघा.

इथून पुढे गर्दी एकदम ओसरते. हा श्पिटाल भाग मध्ययुगाच्या उत्तरार्धात गावाला जोडला गेला, एखाद्या टोपीच्या शेंड्यासारखा दक्षिणेला लोंबणारा. टोकाला श्पिटालटोर आणि तिच्यापुढचा बुरुजी कोट. तोफांच्या काळात बांधलेला हा कोट आठच्या आकड्यासारखा आहे, आत एकामागोमाग दोन लंबगोल चौक. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना प्रत्येक वेळी दिशा बदलावी लागते, म्हणजे सरळ धाव घेणं अशक्य. र्‍योडरटोरपाशी पाहिलेली कल्पना इथे पूर्णत्वाला पोचली आहे. कमानीच्या माथ्यावरची लॅटिन ओळ शोधा. आत येणाऱ्याला शांती, बाहेर जाणाऱ्याचं क्षेम, असा तिचा आशय.

इथून पुन्हा तटावर चढा आणि पूर्वेच्या बाजूने उत्तरेकडे चालत र्‍योडरटोरला या. फेरी पूर्ण झाली.

१०. जेवणाचं

उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारच्या जेवणानंतर बऱ्याचदा बंद होतात आणि रात्रीही लवकर आवरतात. साडेआठच्या पुढे गरम जेवण मिळेलच असं समजू नका. किराणा दुकानं रविवारी बंद असतात. रविवारी पोचत असाल तर खाण्याचं सामान शनिवारीच घेऊन ठेवा.

शाकाहारी असाल तर ‘केझश्पेट्स्ले’, म्हणजे चीज घातलेले मऊ शेवयांचे तुकडे, किंवा मशरूमच्या रश्श्यातले पावाचे गोळे बहुतेक ठिकाणी असतात. पण ‘श्पेक’ हा शब्द लक्षात ठेवा: डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, जे बटाट्याच्या सॅलडमध्ये किंवा सूपमध्ये न सांगता येतात. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ असं स्पष्ट सांगा. अंडं न खाणाऱ्यांना पर्याय फारच कमी आहेत, स्वतःजवळ काही ठेवा.

‘श्नेबाल’ दुकानादुकानांतून रचून ठेवलेले दिसतील: पिठाच्या पट्ट्या गोळ्यासारख्या गुंडाळून तळलेल्या. चॉकलेटचे, सुक्या मेव्याचे प्रकार खूप आहेत. पहिला घ्यायचा तो साध्या पिठीसाखरेचा, तोही छोटा. पिठात अंडं असतं आणि पारंपरिक कृतीत थोडी फळांची दारूही घालतात, वर्ज्य असेल तर विचारून घ्या.

११. संध्याकाळ आणि रात्र

जेवणाआधी हेर्नगासेने पश्चिमेला जा. श्रीमंत घराण्यांची ही गल्ली, गावात सगळ्यात रुंद. घरांच्या त्रिकोणी माथ्यांवर पुढे आलेली तुळई दिसेल, तिला कप्पी लावून धान्य माळ्यावर चढवत. टोकाला बुर्गटोर. मोठ्या दरवाजातली दिंडी, म्हणजे छोटं दार, पाहा, रात्री उशिरा येणाऱ्याला एकेकटं वाकून आत यावं लागे. वर कोरलेल्या मुखवट्याच्या तोंडातून उकळतं डांबर ओतायची सोय होती.

बाहेरच्या बुर्गगार्टन बागेत एकेकाळी राजाचा किल्ला होता. ११४२ पासूनचा, १३५६ च्या भूकंपात पडला. संत ब्लासियुसचं चॅपल तेवढं उरलं. कठड्यापाशी उभे राहा: गावाची दक्षिण बाजू, तट आणि खाली नदी एका नजरेत येते. सकाळपासून पायांनी मोजलेलं सगळं इथून जुळतं.

रात्री आठच्या सुमारास चौकातून पहारेकऱ्याच्या वेषातल्या वाटाड्याबरोबर इंग्रजीतून फेरी निघते. हंगामाप्रमाणे वेळ बदलू शकते, दिवसा कार्यालयात विचारून ठेवा आणि रोख पैसे जवळ ठेवा. गल्ल्यांत तेव्हा लोक झोपायला गेलेले असतात, मोठ्याने हसू-बोलू नका. फेरीनंतर एकटेच अर्धा तास तटावर जायचा मोह होईल. दिवे मंद आहेत आणि पायऱ्या झिजलेल्या, तेव्हा टॉर्चशिवाय जाऊ नका.

१२. दुसरी सकाळ: नदीकडे उतरा

पहाटे प्ल्योनलाइनचा फोटो काढा आणि तसेच कोबोल्त्सेलर टोरमधून खाली उतरा. उतार तीव्र आहे, पावसात जपून. तळाला दोन मजली कमानींचा जुना पूल. तिथून नदीच्या काठाने उत्तरेकडे चाला. थोड्याच वेळात टोपलरचं छोटेखानी घर दिसेल: खाली दगडी बुरूज, वर बाहेर आलेलं राहतं घर. १३८८ मध्ये ते बांधणारा हाइनरिश टोपलर हा गावाचा सर्वांत बलाढ्य नगराध्यक्ष, आणि १४०८ मध्ये त्याचा शेवट झाला तो काल पाहिलेल्या नगरभवनाच्या तळघरातल्या कोठडीत.

पुढे देटवांग ही वाडी, रोथेनबुर्गपेक्षाही जुनी. तिथल्या छोट्या चर्चमध्ये रीमेनश्नायडरचीच आणखी एक वेदी आहे. ती मूळची इथली नाही. वरच्या गावातल्या एका चॅपलमधून आणली आणि इथल्या चिंचोळ्या जागेत बसावी म्हणून दोन्ही बाजूंनी कापली. याकोब चर्चमधली पाहिल्यावर ही पाहिलीत तर काप कुठे पडला ते लगेच दिसतं.

देटवांगहून वर क्लिंगेनटोरकडे पायवाट आहे, चढण वीस-पंचवीस मिनिटांची. सगळी फेरी दोन-अडीच तासांत होते. दुपारची गाडी पकडायची असेल तर सातला निघा, मात्र मग चर्च अजून उघडलेलं नसेल. ते पाहायचंच असेल तर त्याची वेळ आदल्या दिवशी कार्यालयात विचारा आणि गाडी एक तासाने पुढची धरा. हॉटेलातून बॅग घेऊन स्टेशनपर्यंत फरसबंदीवरून यायला वीस मिनिटं लागतात, आणि श्टाइनाखची गाडी वेळेवर सुटते.